मोल्डेबल प्लास्टिकची मूठ पुन्हा पुन्हा का निसटते? कारणं आणि उपाय

कानशीला, स्क्रू ड्रायव्हरला किंवा खुरप्याला गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकची मूठ बसवली. पहिल्या दिवशी दगडासारखी घट्ट. पंधरा दिवसांत जरा जोर लावला की मूठ फिरते आणि अवजार जागेवरच राहतं. पुन्हा वितळवून बसवली, महिन्याभरात पुन्हा तेच. मग प्लास्टिकचे दाणेच खराब निघाले असं म्हणून दाण्यांचा डबा माळ्यावर जातो.

दाणे खराब असणं फार क्वचित घडतं. हे प्लास्टिक धातूला गोंदासारखं चिकटत नाही, फक्त त्याचा आकार घेऊन त्याला धरून बसतं, आणि इथेच सगळी गडबड होते. धरायला खाच, भोक, वळण काही नसेल तर ते निसटणारच, मग कितीही वेळा वितळवा.

पॉलिमॉर्फ, इन्स्टामॉर्फ, शेपलॉक, प्लॅस्टिमेक ही सगळी नावं मूळ एकाच पदार्थाची: पॉलिकॅप्रोलॅक्टोन. वितळायचं तापमान साधारण ६० अंश सेल्सिअस. घट्ट असताना पांढरं, वितळलं की काचेसारखं पारदर्शक. रेडिओथेरपीच्या वेळी डोकं हलू नये म्हणून रुग्णाच्या चेहऱ्यावर जाळीचा जो मुखवटा बसवतात, तोही बहुधा याच पदार्थाचा असतो. गरम पाण्यातून काढून चेहऱ्यावर दाबतात, तो नाका-हनुवटीला घट्ट धरतो आणि काम झालं की सरळ उचलला जातो. मुखवट्यात जो गुण, तोच मुठीत दोष ठरतो.

आधी निसटलेली मूठ चिरून बघा

मूठ लगेच वितळवू नका. हॅकसॉ ब्लेडने उभी चिरा आणि आतलं भोक उजेडात धरा. प्लास्टिक वाया जात नाही, ते पुन्हा वापरता येतं. कारण कुठलं ते भोकाची भिंतच सांगते.

भिंत गुळगुळीत, आरशासारखी चकचकीत असेल, तर धातू गार होता किंवा त्यावर धरायला काही नव्हतं. भिंतीवर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे किंवा धुरकट डाग असतील तर आत पाणी अडकलं होतं. त्याच जागी अवजारावर गंजाचे ठिपके दिसले तर शंकाच नको. चिरलेल्या कडेला करंजीच्या पुडासारखे थर सुटे होत असतील तर घड्या गार किंवा तेलकट असताना घातल्या गेल्या. भोकाचं तोंड नरसाळ्यासारखं पसरलेलं आणि आतला भाग ठीक असेल तर मूठ बसवण्यात चूक नाही, ती वापरताना तापली आहे. गोल ओरखडे मात्र फसवे. मूठ फिरल्यावर ते पडतातच, त्यामुळे त्यावरून कारण कळत नाही.

गार धातू

सर्वांत जास्त मुठी याच कारणाने निसटतात. पोलाद उष्णता झपाट्याने ओढून घेतं. काचेसारखा मऊ गोळा गार पोलादाला टेकला की टेकलेला पापुद्रा लगेच गोठतो आणि धातूवरच्या बारीक ओरखड्यांत शिरायला त्याला वेळच मिळत नाही. वरून तुम्ही कितीही दाबा, आतली कातडी आधीच पांढरी झालेली असते.

म्हणून अवजारही तापवायचं. कानशीचा टँग, म्हणजे मुठीत जाणारा अणकुचीदार भाग, उंच भांड्यात खाली करून उभा ठेवा आणि गरम पाणी खांद्याच्या, म्हणजे टँग रुंद कानशीला मिळतो त्या जागेच्या, वर दोन इंच येऊ द्या. फक्त टँग तापवला तर उरलेली कानस त्याची उष्णता पिऊन टाकते. तीन मिनिटांनी बाहेर काढून सुती फडक्याने कोरडा पुसा आणि लगेच त्यावर एक कोरडा दाणा टेकवा. दाणा काचेसारखा होऊन फासला गेला तर धातू तयार आहे. दाणा पांढराच राहून गळून पडला तर अजून तापवा. हेअर ड्रायर किंवा हीट गन असेल तर पाण्याची भानगडच नको, पण हीट गन सर्वांत कमी तापमानावर ठेवा. ७०-८० अंशांनी कानशीच्या किंवा पटाशीच्या पाण्याला (टेंपरला), म्हणजे पोलादाला दिलेल्या कडकपणाला, काही होत नाही. गॅसच्या ज्योतीवर मात्र अवजार धरू नका.

धरायला जागा

धातू गरम होता तरी गुळगुळीत गोल दांड्यावर मूठ टिकत नाही. टँगच्या दोन्ही कडांना एक ते दीड मिलिमीटर खोल अशा तीन-चार खाचा पाडा, समोरासमोर नव्हे तर एकाआड एक. कानशीचा टँग सहसा मऊ ठेवलेला असतो, त्यामुळे त्यात ३ किंवा ४ मिलिमीटरचं आरपार भोकही पाडता येतं. एक आरपार भोक दहा खाचांच्या तोडीचं, कारण त्यातून प्लास्टिक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन खुंटीसारखं अडकतं.

स्क्रू ड्रायव्हरचा दांडा कडक असतो, तिथे ड्रिल चालत नाही. ग्राइंडरवर समोरासमोर दोन चपट्या बाजू काढा, मूठ फिरणं तिथेच थांबतं. ग्राइंडर नसेल तर सळया बांधायची १८ गेजची बाइंडिंग वायर घ्या, पाच-सहा वेढे एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटर सुटे ठेवून गुंडाळा, टोकं पक्कडीने पिळून बाहेर उभी ठेवा आणि तारेला दांड्यावर अरल्डाइटचा हात द्या. अरल्डाइट पूर्ण वाळल्यावरच पुढचं काम. अरल्डाइट इथे तार आणि दांडा जोडायला आहे. ते थेट दांड्यावर लावून वर मऊ प्लास्टिक थापण्यात अर्थ नाही.

पाणी किती गरम, आणि किती

६० अंशांना वितळतं म्हणून ६० अंशांचं पाणी घेतलं तर दाणे अर्धे पांढरे राहतात. गीझरच्या पाण्याने तर बहुतेक वेळा कामच होत नाही. उकळतं पाणीही नको. त्यात गोळा इतका चिकट होतो की चमचा, भांडं, बोटं सगळ्यांना धरतो, आणि कातडीला चिकटलेलं गरम प्लास्टिक पटकन झटकता येत नाही.

मुठीच्या कामाला ७० ते ७५ अंश पुरतात. थर्मामीटर नसेल तर दोन भांडी उकळतं पाणी आणि एक भांडं नळाचं पाणी एकत्र करा. नळाचं पाणी २७ अंशांच्या आसपास असेल तर मिश्रण साधारण ७५ अंशांवर येतं आणि भांडं तापण्यात एक-दोन अंश जातात. पुण्यात, म्हणजे साडेपाचशे मीटर उंचीवर, पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तेवढ्याने बिघडत नाही. थंडीत नळाचं पाणी १८ अंशांवर असलं तर तेच माप ७२-७३ अंशांपर्यंत येतं, म्हणजे तेव्हाही चालतं.

पाणी भरपूर हवं. ६० ग्रॅम दाण्यांना तापून वितळायला जी उष्णता लागते, ती अर्ध्या कप पाण्यातून घेतली तर पाणी वीसेक अंशांनी उतरतं, म्हणजे मध्येच सगळं अडतं. दीड लिटर पाण्यात तोच फरक दीड अंशाच्या आत राहतो. दाणे काही खराब निघालेले नसतात, त्यांना पाणी कमी पडलेलं असतं.

भांडं गॅसवर ठेवून त्यात दाणे टाकू नका, ते तळाला चिकटतात. गॅसवरून उतरवलेलं पाणी पॉलिप्रॉपिलीनच्या साध्या डब्यात ओता. त्याला हे प्लास्टिक धरत नाही. स्टीलला चिकटलं तरी पूर्ण गार झाल्यावर आकसून सुटतं. पीव्हीसी किंवा ॲक्रिलिकच्या भांड्याला चिकटलं तर भांड्याचाच भाग झालं असं समजा.

घडीत अडकलेलं पाणी आणि हाताचं तेल

गोळा पाण्यातून काढून कणकेसारखा दुमडत मळायची सवय इथे नडते. प्रत्येक घडीत पाण्याचा पातळ थर आत जातो, आणि पाणी असेल तिथे प्लास्टिक प्लास्टिकलाही जुळत नाही. बाहेर काढल्यावर गोळा आधी झटका, हातांत दाबून चपटा करा, वरचं पाणी निथळू द्या, मग चटईसारखा गुंडाळा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पिळत न्या, म्हणजे हवा आणि पाणी पुढे पळतं. टॉवेलने टिपायचं तर क्षणभरच, नाहीतर धागे चिकटून बसतात. शेवटी हेअर ड्रायरचा गरम झोत पाच-दहा सेकंद पुरेसा.

ओट्याला चिकटू नये म्हणून कडप्पा ओला करण्याची युक्ती चालते, पण तो उष्णताही ओढतो. सिलिकॉनची बेकिंग मॅट कधीही बरी. आणि बोटांना चिकटतं म्हणून खोबरेल तेलाचा हात लावणं बंद करा. तेल लागलेला थर आत दुमडला गेला की तिथे कायमची फट राहते, ती बाहेरून दिसत नाही आणि पुन्हा वितळवल्यावरही तेल गोळ्यातच फिरत राहतं. बोटं साध्या पाण्याने ओली करा आणि तेही फक्त शेवटचा बाहेरचा आकार देताना. तेलकट झालेला गोळा भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात घट्ट स्थितीतच घासा, धुऊन वाळवा, मगच वितळवा.

काम करताना एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरे: काचेसारखं झालेलं काचेसारख्याला जुळतं. दोन्हींतला एक जरी भाग दुधाळ दिसत असला तरी तो जोड खोटा.

आठ इंची कानशीची मूठ, पहिल्यापासून

मूठ १० सेंटिमीटर लांब आणि सरासरी २.६ सेंटिमीटर जाड धरली तर तिचं आकारमान ५३ घन सेंटिमीटर होतं. या प्लास्टिकची घनता १.१५ च्या आसपास, म्हणून ६० ग्रॅम दाणे. वेडावाकडा आकार हवा असेल तर आधी कणकेची मूठ वळून बघा, ती पातळ पिशवीत घालून मापाच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवा, पाणी जितके मिलिलिटर चढेल त्याला १.१५ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे ग्रॅम. अंदाजाने ओतलेले दाणे कमी पडतात, मग वरून ठिगळ लावलं जातं आणि मूठ त्या ठिगळापाशीच फुटते.

टँगला खाचा पाडून, पॉलिश पेपर मारून, साबणाने धुऊन गंज आणि तेल काढून घ्या. दाणे गरम पाण्यात टाका. दोन-तीन मिनिटांत सगळे पारदर्शक होतात. त्यानंतर आणखी एक मिनिट थांबा. काट्याने गोळा करून वर सांगितल्याप्रमाणे पाणी काढा.

आता पाच-सहा ग्रॅमचा तुकडा तोडून तापलेल्या टँगवर एक मिलिमीटर जाडीचा हात द्या, अस्तर लावतात तसा, खाचांत आणि भोकात अंगठ्याने दाबून भरत. हे अस्तर हेअर ड्रायरने पुन्हा काचेसारखं करा. तोवर उरलेला गोळा गरम पाण्यातच राहू द्या. तो बाहेर काढा, कोरडा करा, जाड पोळीसारखा पसरा, अस्तर लावलेला टँग मधोमध ठेवा, कडा वर आणून करंजीसारख्या दाबा आणि मधून दोन्ही टोकांकडे मुठीने आवळत न्या. धातूला अस्तर आधीच धरून बसलेलं असतं, त्यामुळे नवा जोड प्लास्टिकचा प्लास्टिकशी होतो. हा एवढा टप्पा बहुतेक जण गाळतात.

हाताचा आकार घ्यायचा असेल तर पृष्ठभाग जरा दुधाळ व्हायला लागल्यावर आवळा, त्याआधी नको. पाणी ७० अंशांचं असलं तरी भाजतं. ओले जाड रबरी हातमोजे घाला आणि मुलांच्या हातात देण्याआधी गोळा बाहेर काढून थोडा निवू द्या.

घाई

बाहेरची कातडी पाच मिनिटांत पांढरी होते, आतला गाभा नाही. त्याच दिवशी कानस चालवली तर गाभा टँगभोवती पिळला जातो आणि भोक मोठं होतं. मूठ पाच मिनिटं हातात सरळ धरा, मग माठातल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि वापर दुसऱ्या दिवसापासून करा.

हा पदार्थ गोठायला चांगलाच गार व्हावा लागतो. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा तो तासभरही मऊ राहू शकतो. तिथे माठाचं पाणी हवंच.

पाइपात भरलेलं बूच का गळून पडतं

प्लास्टिक गोठताना आकसतं. दांड्याभोवती असेल तर आकसल्यावर दांड्याला आणखी आवळतं, म्हणजे आपलंच काम करतं. पाइपाच्या आत भरलं तर भिंतीपासून दूर जातं. खुर्चीच्या पाइपात भरलेला पाय, पडद्याच्या रॉडच्या टोकाचं बूच, मॉपच्या दांड्यात घातलेला जोड ही सगळी मंडळी म्हणूनच खुळखुळतात. खुर्चीला पाइपावरून टोपी चढवा, किमान २५ मिलिमीटर वरपर्यंत. आतच भरायचं असेल तर पाइपाला समोरासमोर ४ मिलिमीटरची दोन भोकं पाडा आणि गरम गोळा त्यांतून बाहेर येईपर्यंत दाबा.

बादलीची गोष्ट वेगळी. बादल्या पॉलिथिन नाहीतर पॉलिप्रॉपिलीनच्या, आणि या दोन्हींना हे प्लास्टिक अजिबात धरत नाही, कितीही घासा. बादलीला तडा गेला असेल तर तड्याच्या दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरची भोकं ओळीने पाडून आतून-बाहेरून पट्टी दाबा, म्हणजे रिव्हेटसारखी पकड येते. पण ज्या बादलीत हीटिंग रॉड लावता तिला हा उपाय करू नका. रॉडजवळचं पाणी साठ अंश सहज ओलांडतं आणि पट्टी लोंबते.

तापून निसटणाऱ्या मुठी

६० अंश हा वितळायचा आकडा आहे. भार असेल तर ४५ अंशांच्या आसपासच हे प्लास्टिक हळूहळू सरकायला लागतं. नागपूर, अकोला, चंद्रपूरला उन्हाळ्यात सावलीतच पारा तिथे पोचतो, उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तरीपार जातो. डॅशबोर्डवरचा मोबाइल स्टँड याचा बनवू नका. पत्र्याच्या शेडमधल्या अवजारांच्या मुठी भिंतीच्या खालच्या फळीवर ठेवा, छपराखाली टांगू नका. इस्त्री, कुकर, कढई, दुचाकीचा ब्रेक लिव्हर, विजेचं उघडं कनेक्शन या पाच ठिकाणी हा पदार्थ वर्ज्यच. कुकरच्या मुठीला तर कंपनीचीच मूठ आणा.

बाकी किरकोळ. ड्रिल मारताना भोक वितळत असेल तर वेग कमी करा आणि बिट मधूनमधून पाण्यात बुडवा. पॉलिश पेपर लगेच चोंदतो, त्यापेक्षा धारदार चाकूने तासा. नट बसवायचा तर तोही गरम करूनच दाबा, नाहीतर चिरलेल्या मुठीसारखीच चकचकीत भिंत होऊन तो फिरत बसेल.

नवी मूठ बसवली की दुसऱ्या दिवशी कानशीच्या खांद्यापासून मुठीवर मार्करने एक सरळ रेघ ओढा, अर्धी धातूवर, अर्धी प्लास्टिकवर. आठवडाभर नेहमीसारखी वापरा. रेघ तुटून दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर मूठ बाहेर यायची वाट न बघता तेव्हाच चिरा आणि भोकाची भिंत बघा.